मुंबईची वीज व सह्याद्रीचें पाणी

कोणत्याहि शहराच्या भरभराटीचा इतिहास लिहितांना तेथील व्यापार, तेथील कर्तबगार माणसें आणि तेथील इमारती यांची नोंद इतिहासकार अगत्यानें करतात. परंतु त्या शहराचीं यंत्रें कोणत्या शक्तीनें चाललीं, ती शक्ति कोठून आली आणि तिची किंमत कोणीं मोजली, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाहीं. आज सर्व जगाला हवामानाच्या बदलाची चिंता लागली आहे. उद्योगधंदे वाढावे, लोकांना काम व सुख मिळावें, आणि तरीहि पृथ्वीचें तापमान वाढूं नये, हीं टोकें जुळवावयाचीं कशीं, याचा खल राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदांतून चालू आहे. हा प्रश्न अगदीं नवा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्याचें एक लहानसें उदाहरण मुंबई आणि सह्याद्रीचा घाटमाथा यांच्या दरम्यान शंभर वर्षांपूर्वींच घडून गेलें आहे. त्याकडे नीट पाहिलें असतां आजच्या वादांतील बहुतेक सर्व पक्ष आणि त्यांचे युक्तिवाद तेथें अगोदरच भेटतात.

मुंबईंतील पहिली कापसाची गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ मध्यें स्थापन केली, व १८५६ मध्यें तिचें काम सुरू झालें. पुढील पन्नास वर्षांत गिरण्यांची संख्या सुमारें ८० वर गेली. मुंबईजवळ उत्तम बंदर होतें, पाठीमागें कापूस पिकविणारा विस्तीर्ण मुलूख होता, व्यापारांत मिळविलेलें भांडवल होतें, आणि कोंकणांतून व घाटावरून पोटासाठीं येणारीं हजारों माणसें होतीं. नव्हता तो एकच पदार्थ, कोळसा. बंगाल-बिहारकडील राणीगंज व झरिया येथील खाणी हजार मैलांहून अधिक दूर होत्या. तेथील कोळसा आगगाडीनें, किंवा कलकत्त्याहून जहाजांत भरून सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून आणावा लागे. विलायतेहूनहि कोळसा येत असे. ज्या शहरानें आपलें वैभव वाफेवर उभें केलें, त्याला वाफेचें जळण मात्र परमुलखांतून विकत घ्यावें लागे.

ह्या कोळशाचा दुसरा परिणाम मुंबईकरांच्या डोळ्यांत व छातींत शिरत होता. लालबाग, परळ, भायखळा ह्या भागांत उंच धुराडीं, ज्यांना कामगार चिमण्या म्हणत, दिवसभर धूर ओकीत असत. वाळत घातलेले कपडे काळे होत, आणि चाळींच्या खिडक्यांतून काजळी घरांत येई. ही तक्रार इतकी वाढली कीं, कलकत्त्यासाठीं १९०५ मध्यें झालेल्या कायद्याप्रमाणें मुंबई सरकारनेंहि १९१२ मध्यें धुराच्या उपद्रवाचें नियमन करणारा कायदा केला. शहराच्या वाढीला यंत्रें हवीं, पण यंत्रांच्या धुरालाहि कांहीं मर्यादा असली पाहिजे, हें तत्त्व सरकारदरबारीं मान्य झालें.

तथापि त्या कायद्याची दृष्टि डोळ्यांना दिसणाऱ्या धुरापुरतीच होती. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. भट्टी नीट पेटविली, हवा पुरेशी दिली, कीं काजळी कमी होते व धुराडें स्वच्छ दिसूं लागतें. परंतु कोळशांतील कर्ब त्यामुळें नाहींसा होत नाहीं. तो हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून कार्बन डायऑक्साइड ह्या वायूच्या रूपानें निघून जातो. ह्या वायूला ना रंग, ना वास. कर्बाला प्राणवायु जोडला जात असल्यानें चांगल्या प्रतीच्या एक टन कोळशापासून हा वायु दोन टनांहूनहि अधिक निर्माण होतो. म्हणजे भट्टी जितकी सुधारावी तितका दिसणारा धूर कमी होतो, आणि न दिसणारा मात्र कोळशाच्या खपाबरोबर वाढतच राहतो.

योगायोगाची गोष्ट अशी कीं, ज्या १८५६ सालीं दावरांची गिरणी सुरू झाली, त्याच सालीं अमेरिकेंत यूनिस फूट ह्या विदुषीनें कांचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायु भरून तीं उन्हांत ठेवलीं, आणि ह्या वायूचें नळकांडें सर्वांत अधिक तापतें असें दाखविलें. त्यानंतर तीन वर्षांनीं जॉन टिंडल यांनीं विलायतेंत वायूंच्या उष्णता शोषून घेण्याच्या गुणाचें मोजमाप आरंभिलें. १८९६ मध्यें स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्‍हेनियस यांनीं हवेंतील ह्या वायूचें प्रमाण दुप्पट झालें तर पृथ्वीचें तापमान पांच-सहा अंशांनीं वाढेल, असें गणित मांडलें. मात्र त्या वेळचा कोळशाचा खप पाहतां असें होण्यास फार मोठा काळ लागेल, असें त्यांना वाटत होतें. त्या वर्षीं मुंबई प्लेगनें हवालदिल झाली होती. गिरण्या ओस पडत होत्या. दूरदेशीं कागदावर मांडलेल्या ह्या गणिताचा आपल्या धुराड्यांशीं कांहीं संबंध आहे, असें येथें कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. जेथें कोळसा जळत होता आणि जेथें त्याचा परिणाम समजूं लागला होता, तीं ठिकाणें एकमेकांपासून फार दूर होतीं.

कोळशाला पर्याय शोधण्याची कल्पना मुंबईंत आली ती हवामानाच्या चिंतेनें नव्हे, तर पैशाच्या व सोयीच्या विचारानें. पावसाळ्यांत खंडाळ्याच्या कड्यांवरून कोसळणारें पाणी प्रवासी डोळे भरून पाहत असत. त्या पाण्यांत मुंबईच्या गिरण्या चालविण्याची ताकद आहे, ही गोष्ट डेव्हिड गॉस्टलिंग ह्या मुंबईंतील वास्तुशिल्पज्ञाच्या ध्यानांत आली, आणि त्यानें ती जमशेटजी टाटा यांच्यापुढें मांडली. टाटांना गिरणीच्या धंद्याचा दांडगा अनुभव होता. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनीं १८७७ मध्यें सुरू केली होती. कोळशाच्या बिलाचें ओझें त्यांना समजावून सांगावें लागलें नाहीं. १९०४ मध्यें ते वारले, तेव्हां योजना अद्याप कागदावरच होती. त्यांचे पुत्र दोराबजी यांनीं ती पुढें नेली. १९१० मध्यें टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. तिच्या भांडवलाचा मोठा वाटा ह्याच देशांतील लोकांनीं, व त्यांतहि अनेक संस्थानिकांनीं, उचलला. १९११ मध्यें लोणावळ्यास धरणाची पायाभरणी झाली, आणि १९१५ मध्यें मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्तें खोपोली येथील वीजकेंद्राचें उद्घाटन झालें.

ह्या योजनेची रचना समजून घेण्याजोगी आहे. घाटमाथ्यावर पाऊस भरपूर पडतो, परंतु तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच पडतो, आणि गिरणीला शक्ति तर बारा महिने हवी. म्हणून लोणावळा, वळवण व शिरोता येथें धरणें बांधून पावसाचें पाणी तलावांत साठविलें. तें कालव्यांनीं कड्याच्या धारेवर आणून पोलादी नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस सोडलें. इतक्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा झोत चक्रांच्या पात्यांवर आदळतो, चक्रें फिरतात, आणि त्यांना जोडलेलीं यंत्रें वीज निर्माण करतात. ती वीज एक लाख व्होल्टच्या आसपासच्या दाबानें सुमारें ४३ मैल दूर परळपर्यंत तारांनीं नेण्यांत आली. ह्यांत जळलें कांहींच नाहीं. दरवर्षीं सूर्याच्या उष्णतेनें समुद्राची वाफ होते, वारा तिला सह्याद्रीपर्यंत वाहून आणतो, आणि डोंगर तिला उंचावर उतरवून घेतो. कोळसा एकदां जळला कीं संपला. हें जळण मात्र आषाढांत पुन्हां भरून येई.

पहिलें महायुद्ध सुरू झालें तसा कोळसा महागला, आगगाड्यांचे डबे मिळेनासे झाले, आणि ह्या योजनेचें महत्त्व गिरणीमालकांना अधिकच पटलें. एकामागून एक गिरण्यांनीं वाफेचीं यंत्रें काढून विजेचीं बसविलीं. १९१६ मध्यें आंध्रा खोऱ्यासाठीं दुसरी कंपनी निघाली; ठोकळवाडीच्या धरणाचें पाणी भिवपुरीस पाडून १९२२ मध्यें तेथें वीज सुरू झाली. १९२५ मध्यें बोरीबंदर ते कुर्ला ह्या मार्गावर देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. लालबाग-परळचें आकाश पूर्वीपेक्षां निवळलें. धूर नाहीं, राख नाहीं, परदेशीं पैसा जात नाहीं, आणि धंदा वाढतो. शक्ति आणि संपत्ति यांचा असा मेळ क्वचितच जमतो, असें त्या काळच्या कोणाहि सुशिक्षित मुंबईकरास वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु विजेची भूक विजेनेंच वाढली. विल्यम जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, यंत्र सुधारून कोळशाची बचत झाली म्हणजे कोळशाचा एकंदर खप कमी न होतां उलट वाढतो. कारण शक्ति स्वस्त झाली कीं तिचे नवे नवे उपयोग निघतात. मुंबईंतहि तेंच घडलें. दोन योजना पुऱ्या होतात न होतात तोंच तिसरी हवी झाली, आणि तिच्यासाठीं कंपनीची नजर निळा व मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीवर गेली. टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्यें ह्यासाठींच निघाली.

मुळशीचें खोरें ओसाड नव्हतें. तेथें सुमारें ५० गांवें व दहा हजारांहून अधिक माणसें पिढ्यान् पिढ्या राहत होतीं. आंबेमोहर भाताचीं उत्तम खाचरें तेथें होतीं, गांवोगांव देवस्थानें होतीं, आणि ज्यांच्या पूर्वजांनीं मराठेशाहींत तलवार गाजविली अशीं मावळ्यांचीं घराणीं होतीं. हें सर्व पाण्याखालीं जावयाचें होतें. १८९४ च्या भूमिसंपादनाच्या कायद्यान्वयें सार्वजनिक हितासाठीं जमीन घेण्याचा अधिकार सरकारला होता, आणि खासगी कंपनीसाठींहि तो वापरण्याची सोय त्यांत होती. शेतकऱ्याला विचारण्याची गरज त्या कायद्यांत नव्हती. किंमत ठरवून देण्याची तेवढी होती.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीच्या शेतकऱ्यांनीं धरणाच्या जागेवर जाऊन काम थांबविलें. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे इत्यादि पुढारी ह्या सत्याग्रहांत शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. बापटांना सेनापति हें नांव येथेंच मिळालें. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. बायाबापड्यांनींहि मार व तुरुंग सोसला. गांधीजींनीं 'यंग इंडिया'मधून टाटांना असें सुचविलें कीं, केवळ कायद्याच्या हक्कावर विसंबून न राहतां त्यांनीं लोकांशीं बोलून त्यांची समजूत घालावी. काम कांहीं काळ थांबलें, पण पुन्हां सुरू झालें. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. त्या वर्षाच्या अखेरीस बापटांनीं धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली, व त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्यें मुळशीचें पाणी भिरा येथें उतरलें आणि मुंबईला वीज मिळूं लागली. राजेंद्र व्होरा यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ह्या लढ्याला जगांतील पहिलें धरणविरोधी आंदोलन म्हटलें आहे.

ह्या लढ्याकडे केवळ जुलूम व प्रतिकार ह्या दृष्टीनें पाहिल्यास त्यांतील खरी अडचण निसटून जाते. कंपनीची बाजू अगदींच पोकळ नव्हती. विजेनें कोळसा वांचणार होता, आगगाडीचे डबे मोकळे होणार होते, आणि मुंबईंतल्या हजारों कामगारांच्या चुली गिरण्यांवर चालत होत्या. हे कामगार तरी कोण? पुष्कळसे मावळ-कोंकणांतील शेतकऱ्यांचेच भाऊबंद. दुसरीकडे शेतकऱ्यांची बाजूहि एकसंध नव्हती. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडली होती किंवा त्यांच्या मालकीची झाली होती. कंपनी जो मोबदला देणार त्यांतला मोठा भाग सावकाराच्या हातीं जावयाचा, आणि कसणाऱ्याच्या वाट्यास स्थलांतर तेवढें यावयाचें. म्हणूनच मोबदला वाढवून घ्यावा कीं जमीनच सोडूं नये, ह्या प्रश्नावर चळवळींत फूट पडली. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम होती. कसणाऱ्याला ती अन्न, गांव व दैवत होती. पैशाच्या एकाच मापानें ह्या दोन वस्तु मोजल्या गेल्या, आणि मोजणाराला त्यांत कांहीं गैर दिसलें नाहीं.

आणखी एक किंमत त्या वेळीं फारशी कोणाच्या लक्षांत आली नव्हती. हें पाणी मूळचें पूर्वेकडे वाहणारें. इंद्रायणी, आंध्रा, मुळा ह्या नद्या भीमेला मिळतात, आणि भीमा सोलापुराकडील कोरड्या मुलुखांतून जाते. धरणांनीं हें पाणी अडवून पश्चिमेस, जेथें मुळांतच उदंड पाऊस पडतो त्या कोंकणांत उतरविलें. तेथें पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका ह्या नद्यांना त्याचा उपयोग झाला, हें खरें. परंतु तेंच पाणी पूर्वेकडे सोडावें, अशी भीमेच्या खोऱ्यांतील लोकांची मागणी आजहि कायम आहे. आणि ज्या तलावावर मुंबईचे दिवे लागले, त्याच्याच कांठच्या कित्येक वाड्यांना स्वतःच्या घरांत दिवा लागण्यासाठीं अनेक दशकें वाट पाहावी लागली.

स्वातंत्र्यानंतर विजेची गरज अनेक पटींनीं वाढली. कोयनेचें पाणी वापरण्याचा विचार टाटांनीं पूर्वीं करून सोडून दिला होता. तें काम सरकारनें १९५४ मध्यें हातीं घेतलें, आणि १९६२ मध्यें तेथें वीज सुरू झाली. आज कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तेथेंहि हजारों कुटुंबें उठलीं, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानें नवें दुःख पदरीं घातलें. परंतु पाण्याची वीज वाढून वाढून किती वाढणार? धरणाजोग्या जागा मोजक्याच होत्या. म्हणून ज्या कोळशापासून मुंबईनें सुटका करून घेतली होती, त्याकडेच पुन्हां वळावें लागलें. १९५६ मध्यें ट्रॉम्बे येथें इंधन जाळून वीज करणारें केंद्र सुरू झालें. पुढें विदर्भांत कोळशाच्या खाणींजवळ कोराडी व चंद्रपूर येथें प्रचंड केंद्रें उभीं राहिलीं. एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मिटत गेल्या, आणि त्यांच्या जागीं काचेच्या इमारती आल्या. मुंबईकरांना आज कोळशाचा धूर दिसत नाहीं. पण तो संपलेला नाहीं, त्याचा पत्ता तेवढा बदलला आहे. राख चंद्रपूरच्या अंगणांत पडते, आणि दिवे राज्यभर लागतात.

कोळशाच्या केंद्रालाहि पाण्यावांचून गति नाहीं, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. वाफ करण्यास व ती पुन्हां थंड करण्यास त्याला पुष्कळ पाणी लागतें. २०१३ मध्यें मराठवाड्यांत दुष्काळ पडला, आणि परळीचें औष्णिक केंद्र पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें. कोळसा असून वीज नाहीं, अशी ही अवस्था. पाऊस बिघडला तर खोपोलीचें चक्र थांबतें, तसेंच परळीचेंहि थांबतें.

आणि पाऊसच बिघडूं लागल्याचीं चिन्हें आज दिसत आहेत. आर्‍हेनियस यांनीं जें गणित मांडलें होतें, त्याची पडताळणी १९३८ मध्यें गाय कॅलेंडर ह्या इंग्रज अभियंत्यानें केली. जुन्या नोंदी तपासून पृथ्वी तापत चालल्याचें त्यानें दाखविलें. १९५८ मध्यें चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेंतील कार्बन डायऑक्साइडचें अखंड मोजमाप सुरू केलें. तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. यंत्रयुगापूर्वीं तो सुमारें २८० होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. २०२४ हें वर्ष यंत्रयुगापूर्वींच्या सरासरीहून दीड अंशापेक्षां अधिक उष्ण ठरलें. तापलेली हवा अधिक वाफ धरून ठेवते, आणि ती सोडते तेव्हां एकदम सोडते. मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ ह्या काळांत तिपटीनें वाढल्याचें शास्त्रज्ञांना आढळलें आहे. पाऊस एकंदर तेवढाच पडला, तरी थोड्या दिवसांत कोसळणारा पाऊस शेताला व धरणाला सारखाच अडचणीचा असतो.

येथें मुळशीचा प्रश्न जगाच्या आकाराचा होऊन पुन्हां उभा राहतो. कोळसा व तेल जाळून जीं राष्ट्रें दीडदोन शतकांत संपन्न झालीं, त्यांच्या धुराड्यांतील वायु सर्वांच्या डोक्यावर सारखाच पसरला आहे. त्याची झळ मात्र समुद्रसपाटीच्या बेटांना, पावसावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना व उन्हांत राबणाऱ्या मजुरांना अधिक लागते. मुळशींत ज्याप्रमाणें वीज एकाला व पाण्याखालचें घर दुसऱ्याला मिळालें, त्याप्रमाणेंच हें आहे. १९९२ च्या रिओ येथील करारांत सर्व राष्ट्रांची जबाबदारी समाईक पण कमीअधिक आहे, असें तत्त्व मान्य झालें. झालेल्या हानीच्या भरपाईसाठीं निधि असावा, हें मान्य होण्यास मात्र २०२२ साल उजाडावें लागलें. आणि तेथेंहि वाद चालला आहे तो जुनाच, मोबदला किती व तो कोणाच्या हातीं.

भारताची स्थिति ह्या वादांत दुहेरी आहे. येथील माणशीं विजेचा वार्षिक वापर सुमारें १,४०० युनिट, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. माणशीं वायूचें प्रमाणहि तसेंच निम्म्याखालीं आहे. ज्या घरांत अद्याप पंखा नाहीं, ज्या शाळेंत संगणक नाहीं, त्यांना काटकसरीचा उपदेश करणें शोभत नाहीं. परंतु देशाची एकंदर मागणी मोठी आहे, आणि विजेचा बहुतांश अजूनहि कोळशाचाच आहे. २०७० पर्यंत वायूची बेरीज-वजाबाकी शून्यावर आणण्याचें वचन भारतानें २०२१ मध्यें ग्लासगो येथें दिलें. २०२५ मध्यें देशांतील एकंदर स्थापित क्षमतेचा निम्मा भाग कोळसा व तेल यांखेरीज इतर साधनांचा झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष निघालेली वीज निराळी. सूर्य सायंकाळीं मावळतो, आणि घरोघरचे दिवे त्याच वेळीं लागतात.

ह्या अडचणीवरचा एक उपाय पुन्हां सह्याद्रीकडेच बोट दाखवितो. दिवसां उन्हाची वीज वापरून पाणी डोंगरावर चढवावयाचें आणि रात्रीं तेंच खालीं सोडून वीज परत मिळवावयाची, अशी ही युक्ति आहे; भिऱ्यास ती पूर्वींपासून चालू आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें टाटा पॉवर व महाराष्ट्र सरकार यांच्यांत शिरोता येथें १,८०० व भिवपुरी येथें १,००० मेगावॅटच्या अशा योजनांसाठीं करार झाला. घाटांतील इतर अनेक जागांचीहि पाहणी होत आहे. शंभर वर्षांपूर्वीं गिरणीसाठीं ज्या दऱ्या निवडल्या गेल्या, त्याच दऱ्यांना आतां हवामानासाठीं साद घातली जात आहे.

मधल्या काळांत कांहीं शिकलें गेलें नाहीं असें नाहीं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानें १९७६ मध्यें, देशांत सर्वांच्या आधीं केला. १८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा रद्द होऊन २०१३ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली. खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची असेल तर बाधितांपैकीं बहुसंख्यांची संमति त्यांत आवश्यक ठरली आणि पुनर्वसन हा हक्क झाला. मुळशीचा शेतकरी जें मागत होता त्यांतलें कांहीं तरी नव्वद वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत आलें. तें पुस्तकांतून खोऱ्यांत कितपत उतरतें, यावरच पुढील योजनांची परीक्षा व्हावयाची आहे.

शक्तीवांचून संपत्ति नाहीं, आणि किंमत दिल्यावांचून शक्ति नाहीं. हें मुंबईच्या इतिहासावरून स्पष्ट होतें. कोळशानें ती किंमत आकाशाकडून घेतली, पाण्यानें ती खोऱ्याकडून घेतली, आणि उन्हाची वीजहि कोठें तरी जमीन मागणारच. यांत कोणतें साधन कमी हानिकारक, हें शास्त्र सांगूं शकेल. हवामानाच्या दृष्टीनें कोळसा सोडण्याचा मार्गच योग्य, यांत संशय नाहीं. परंतु त्या मार्गाचा खर्च कोणाच्या शेतावर व कोणाच्या घरावर पडावा, हा निर्णय शास्त्राचा नव्हे. १९२१ मध्यें तो मुंबईंतल्या कचेरींत झाला आणि मुळशींत कळविण्यांत आला. पुढचा निर्णय घेतांना ज्यांचें गांव आहे त्यांना अगोदर विचारलें जावें, आणि जी वीज तेथून निघेल तिचा पहिला दिवा तेथेंच लागावा, एवढी दक्षता विजेचा सुखानें उपभोग घेणाऱ्या नागरिकांनीं ठेवली, तर मुळशीच्या लोकांनीं सोसलेलें अगदींच वायां गेलें असें म्हणावें लागणार नाहीं.